एथिक्स शिकून पोट भरतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जैवनीतिशास्त्र (बायोएथिक्स, म्हणजे उपचार आणि संशोधनात योग्य-अयोग्य काय याचा अभ्यास) आणि वैद्यकीय नीतिमत्ता या विषयांवर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक सहा इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बारावी सायन्सला आहे. डॉक्टर होईनच असं नाही, पण बायोएथिक्समध्ये करिअर करायचं आहे. कोणती पदवी घेऊ? (सोलापूर)

आधी एक मूळ पेशा निवडा. एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी, कायदा, समाजकार्य, तत्त्वज्ञान, यांपैकी काहीही चालेल. बारावीनंतर थेट बायोएथिक्सची पदवी घेऊन तिच्या जोरावर नोकरी मागावी, अशी सोय आपल्याकडे जवळपास नाहीच. आमच्या मते ते ठीकच आहे. रुग्णालयात किंवा औषध कंपनीत कुणी ‘एथिक्सवाला हवा’ म्हणून जाहिरात देत नाही. त्यांना संशोधनाची कागदपत्रं वाचता येणारा फार्मासिस्ट हवा असतो, नाहीतर संमतीचा कायदा जाणणारा वकील किंवा नातेवाइकांशी बोलता येणारी समाजसेविका.

मूळ पदवीनंतर या विषयाची जोड देता येते. मंगळूरच्या येनेपोया विद्यापीठाने बायोएथिक्स आणि वैद्यकीय नीतिमत्तेचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतिमत्तेचा डिप्लोमा दूरस्थ आहे. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या सूचनेतच बघा.

पुण्यात बी.ए. तत्त्वज्ञान करतेय, दुसरं वर्ष. सायन्स नाही म्हणून या क्षेत्राची दारं बंद आहेत का?

उलट एक दार कायद्यानेच उघडलं आहे. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 प्रमाणे चाचण्या तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात. त्यात एक सामान्य व्यक्ती, एक स्त्री सदस्य आणि एक कायदेतज्ज्ञ हवेत. शिवाय समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्रज्ञ यांपैकी एक स्वतंत्र सदस्य हवा. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच.

पण हे सदस्यत्व म्हणजे नोकरी नव्हे. बैठकीमागे मानधन आणि प्रवासखर्च मिळतो, त्यावर घर चालत नाही. तुमचा पोटापाण्याचा रस्ता एम.ए., नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) आणि अध्यापन असा जातो. नेटच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेवटचा घटक उपयोजित तत्त्वज्ञानाचा आहे. त्यात सरोगसी, डॉक्टर-रुग्ण संबंध, गर्भपात, दयामरण हे विषय नाव घेऊन दिलेले आहेत. म्हणजे एम.ए.चा प्रबंध यातल्या एखाद्या विषयावर केलात तर दोन्ही कामं एकदमच होतात.

सायन्स नसल्याची भीती वाटत असेल तर एक प्रकरण नीट वाचून काढा. 2009 साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वयाच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) देण्याचा अभ्यास सुरू झाला. 2010 च्या एप्रिलमध्ये तो थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. आक्षेपांतला एक मोठा मुद्दा होता वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतिपत्रांचा. अनेक अर्जांवर पालकांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. ‘ही सही करायचा अधिकार यांना दिला कोणी?’ हे विचारायला रसायनशास्त्र लागत नाही. कमिटीत बसून नेमकं हेच विचारायचं असतं.

बी.फार्म. झालंय. एथिक्स कमिटीच्या ऑफिसात कोऑर्डिनेटरची जागा आहे. रोजचं काम काय असतं? (नाशिक)

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडला, कारण या क्षेत्रातला खरा रोजगार इथेच आहे. मुंबई-पुण्याकडच्या रुग्णालयांत आणि संशोधन कंपन्यांत या जागा निघतात. काम नव्वद टक्के कागदांचं असतं. प्रस्ताव आला की प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा), संमतिपत्रक, संशोधकाचा बायोडेटा, विम्याची कागदपत्रं असा संच तपासायचा, सदस्यांना पाठवायचा, बैठक लावायची, गणपूर्ती बघायची. किमान पाच सदस्य हजर हवेत, पण नुसती डोकी मोजून भागत नाही. पाचही डॉक्टरच असतील आणि वकील किंवा सामान्य व्यक्ती आली नसेल, तर गणपूर्ती झाली असं म्हणता येत नाही. इतिवृत्त लिहिताना हितसंबंध असलेला सदस्य चर्चेतून बाहेर गेला, हेही नोंदवावं लागतं. हे वाक्य राहून गेलं की तपासणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

आता संमतिपत्रक. त्याच्याकडे कसं बघायचं ते एका उदाहरणाने सांगतो. सहभागी व्यक्तीची सही सकाळी 9.40 ची आहे. त्याच दिवसाच्या प्रयोगशाळेच्या नोंदीत चाचणीसाठीचा रक्तनमुना 9.10 चा आहे. दोन्ही कागद स्वतंत्रपणे निर्दोष दिसतात. शेजारी ठेवले की कळतं, संमतीआधीच सुई टोचली गेली. असे दोष एकेक फाइल बघून सापडत नाहीत. याशिवाय नेहमी सापडणाऱ्या चुका म्हणजे इंग्रजी पत्रकाची तिसरी आवृत्ती मंजूर झालेली असते आणि मराठी मात्र दुसरीच वाटली जाते. तारीख सहभागीने न घालता संशोधकाच्याच अक्षरात असते. निरक्षर माणसाच्या अंगठ्याशेजारी ‘निष्पक्ष साक्षीदार’ म्हणून अभ्यासातल्याच नर्सची सही असते. आणि सही झालेल्या पत्रकाची प्रत सहभागी व्यक्तीच्या हातात दिलेली नसते.

लहान मुलांवरच्या संशोधनात वयाकडे लक्ष ठेवा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वयाच्या मुलाची तोंडी मान्यता आणि 12 ते 18 ची लेखी मान्यता घ्यायची, तीही पालकांच्या संमतीसोबत, तिच्याऐवजी नव्हे. दुर्बल गटातल्या व्यक्तींवर नव्या रासायनिक घटकाची चाचणी असेल, तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त ध्वनिमुद्रण पुरतं, कारण चेहरा दिसणं हाच तिथे धोका असतो.

गंभीर दुष्परिणाम झाला की घड्याळ सुरू होतं. संशोधकाने 24 तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी या तिघांनाही कळवायचं. प्रायोजकाला विश्लेषणासाठी 14 दिवस. मृत्यू झाला असेल तर कमिटीने भरपाईबाबतच्या मतासह 30 दिवसांत अहवाल पाठवायचा. शुक्रवारी संध्याकाळी आलेला ईमेल सोमवारी उघडणाऱ्या ऑफिसात या मुदती हमखास चुकतात. मुलाखतीत विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी मेल कोण बघतं. उत्तर गुळमुळीत आलं तर ते काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे असं समजा.

एमबीबीएस दुसरं वर्ष. एटकॉमचे (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारे) तास कंटाळवाणे वाटतात. पुढे उपयोग होतो का? (लातूर)

होतो, पी.जी.च्या प्रबंधाच्या वेळी. कमिटीची मंजुरी येण्याआधी रुग्णांची माहिती गोळा केली, तर तिला नंतर मागल्या तारखेची मंजुरी मिळत नाही. अख्खा नमुना वाया जातो. उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी करा. 1 एप्रिल 2018 पासून तिथे चाचणी सुरू होण्याआधी केलेलीच नोंदणी स्वीकारतात. आत्ताच करायचं असेल तर आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी एक छोटा प्रस्ताव स्वतः लिहा आणि कमिटीचे आक्षेप स्वतः झेला. एटकॉमच्या तासांपेक्षा त्यातून जास्त शिकाल.

एमएसडब्ल्यू केलंय. अवयवदान समन्वयक होता येईल का? आणि एलएलबी झालेल्या माझ्या बहिणीला या क्षेत्रात काय करता येईल? (कोल्हापूर)

तुम्हाला नक्की होता येईल. प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांप्रमाणे समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाला नोंदणीच मिळत नाही. पात्रता डॉक्टर, नर्स किंवा कुठल्याही शाखेची पदवी अशी आहे, आणि समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांतल्या पदव्युत्तरांना प्राधान्य आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांशी तुमचा रोजचा संबंध येईल.

मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा करतं, मध्ये किमान सहा तास. दुसरी तपासणी होण्याआधी दानाचा विषय काढू नका. व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, अंग गरम असतं. ‘माणूस गेला’ हे घरच्यांच्या गळी उतरलेलं नसतं. तेव्हा विचारलं की ‘अवयवांसाठी मारताय’ हा संशय बसतो आणि तो नंतर निघत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूची बातमी द्यावी, दानाचं तुम्ही बोलावं, या दोन गोष्टी एका बैठकीत मिसळू नयेत. मेंदूमृत्यूचं प्रमाणपत्र फॉर्म 10, कुटुंबाची परवानगी फॉर्म 8. अपघाताची केस असेल तर पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि शवविच्छेदनाची जुळवाजुळव आधीच सुरू करा, अवयवांना वेळ नसतो. रात्री-अपरात्री फोन येतील हे गृहीत धरूनच नोकरी घ्या.

बहिणीसाठी आयुष्याच्या अखेरीच्या निर्णयांचा कायदा सध्या तापलेला विषय आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाची (जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याची) वाट खुली केली. 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने स्वतःच ती सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की पुरतं. उपचार थांबवावेत का, यावर रुग्णालयातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो 48-48 तासांत मत द्यायचं असतं. रुग्णालयांना हे नियम धोरणात आणि अर्जांत उतरवून देणारे वकील हवे आहेत. अशा कामात कोर्टाच्या चकरा कमी असतात.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीला कॉलेजात बायोएथिक्स मेजर घ्यायचंय. अमेरिकेत तरी थेट नोकरी मिळते का?

नुसत्या बॅचलर्सवर क्लिनिकल एथिसिस्टची (रुग्णालयातल्या नीतिसल्लागाराची) जागा मिळणं अवघड आहे. तिथे बहुतेक जण एमडी, जेडी (कायद्याची पदवी), पीएचडी किंवा नर्सिंगची पार्श्वभूमी घेऊन येतात. एचईसी-सी या नीतिसल्लागारांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बॅचलर्स चालतं, पण मागच्या चार वर्षांत 400 तासांचा आरोग्यसेवा नीतिमत्तेचा अनुभव लागतो आणि तो रुग्णालयाच्या दारात पाय ठेवल्याशिवाय मिळत नाही. बॅचलर्सनंतर लगेच जमेल अशी वाट म्हणजे विद्यापीठाच्या आयआरबी (तिथली एथिक्स कमिटी) ऑफिसातली विश्लेषकाची नोकरी, म्हणजे वर नाशिककरांना सांगितलेलं काम, फक्त ‘कॉमन रूल’ या माणसांवरच्या संशोधनाच्या अमेरिकी नियमांखालचं. तिला मेडिकलला जायचं असेल तर मेजर हवं ते घेऊ द्या, पण प्रवेशाला लागणारे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे कोर्स प्रयोगशाळेसकट वेगळे पूर्ण करावे लागतील. ते चार वर्षांत बसवायचे तर वेळापत्रक पहिल्याच सेमिस्टरला ॲडव्हायझरसोबत बसून आखायला हवं.