पाणी-शंका : टीसीएल किती, तांबडं का, खारं का?

प्रश्न : आमची विहीर जांभ्यातली. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ होतं. अंदाजाने दोन मुठी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, वासही येतो, तरी घरात जुलाब होतातच. काय चुकतं? (राजापूर तालुका)

उत्तर : मूठ हे माप नव्हे. आधी विहिरीत पाणी किती ते काढा. गोल विहिरीच्या व्यासाचा (मीटरमध्ये) वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून १४० ग्रॅम टीसीएल लागेल. खोली दोरीला दगड बांधून दर वेळी मोजा. मे महिन्यातला आकडा जुलैत कामाचा नाही, तेव्हा पाणी पार कठड्याजवळ आलेलं असतं.

भुकटी तशीच विहिरीत फेकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती लापशीसारखी कालवा, गुठळ्या मोडा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला चुना बसेल, तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्याखाली सोडा आणि दोरी खालीवर हिसडत निवळी सगळीकडे पसरवा. त्यानंतर निदान अर्धा तास उपसा बंद. रात्रीची जेवणं आटोपल्यावर टाकलं तर सकाळपर्यंत कुणी पोहरा टाकत नाही, हे सगळ्यात सोयीचं.

आता वासाचं. वास आला म्हणजे काम झालं असं नाही. गढूळ पाण्यातली माती, कुजलेला पाला, लोह हे सगळे क्लोरीन आधी खातात. जंतूंच्या वाट्याला उरलेलंच येतं. म्हणून अर्ध्या तासाने ओटी चाचणी करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाच्या थेंबांनी पाण्यातलं क्लोरीन तपासा. नळीतल्या पाण्यात थेंब टाकताच जो पिवळा रंग येतो तोच खरा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग मुक्त (म्हणजे अजून खर्च न झालेल्या) क्लोरीनचा नसतो, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवं, साथीच्या दिवसांत ०.५. रंग आलाच नाही तर निम्मी मात्रा पुन्हा द्या आणि पुन्हा तपासा. चाचणीचं पाणी फेकून द्या, पिऊ नका.

पिशवीही तपासा. टीसीएल ताजं असताना त्यात ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीतलं भराभर उडून जातं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, अंधारात ठेवा. पत्र्याचा डबा गंजतो.

एवढं करूनही जुलाब थांबले नाहीत तर विहिरीभोवती बघा. जांभ्याच्या भोकांतून पाणी गाळलं न जाताच झपाट्याने वाहतं. शौचालयाचा शोषखड्डा चढाच्या बाजूला असेल तर १५ मीटरचं नेहमीचं अंतर इथे अपुरं पडू शकतं. कठडा फुटका आणि सांडलेलं पाणी परत आत झिरपतंय, अशा विहिरीला टीसीएल ही नुसती मलमपट्टी आहे. नमुना प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये.

प्रश्न : बोअरवेलचं पाणी काढताना नितळ, सकाळी हंड्याच्या तळाला तांबडा गाळ. चहाही काळपट होतो. आरओ बसवू का? (सावंतवाडी)

उत्तर : थेट बसवू नका. हे विरघळलेलं लोह आहे. हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो, आणि तोच गंज आरओचा पडदा बुजवतो. टाकीत पाणी एकाच धारेने सोडण्याऐवजी भोकं पाडलेल्या पाइपातून पावसासारखं पडू द्या, रात्रभर निवळू द्या, मग वाळूच्या गाळणीतून घ्या आणि गाळणी उलट्या प्रवाहाने वेळच्या वेळी धुवा. पाणी आंबट, म्हणजे सामू (पीएच) ६.५ च्या खाली असेल तर हवेने लोह फार सावकाश बसतं. तिथे आधी चुनखडीच्या खड्यांचा थर लागतो. तांब्याच्या भांड्यावर हिरवट-निळे डाग पडत असतील तर सामू तपासून घ्याच. लोहाची मानक मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही, पण चव, कपडे आणि पाइप बिघडतात.

प्रश्न : खाडीकाठची विहीर मे महिन्यात मचूळ होते. उकळून, तुरटी फिरवून चालेल? (दाभोळ)

उत्तर : नाही. उकळल्याने वाफ जाते आणि मीठ मागे राहतं, म्हणजे पाणी उलट जास्त खारट होतं. तुरटी फक्त गढूळपणा बसवते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर तिच्या दाबाने खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. पंपाने ती पातळी उतरवली की खारं पाणी त्याच प्रमाणात वर चढतं. तेव्हा मोठा पंप एकदम दोन तास चालवण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसभरात विभागून उपसा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) तळाला न ठेवता पृष्ठभागाच्या जवळ ठेवा. विहीर आणखी खोल करू नका, खोदाल तसं खारं पाणी लवकर लागेल. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मार्चपासून दर आठवड्याला नोंद ठेवा. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. आकडा चढायला लागला की प्यायला दुसरं पाणी घ्या आणि या विहिरीवर धुणं-भांडी भागवा.