वाचकांचे प्रश्न : लक्ष्मीची साडी पांढरी का पडली?

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांनी आणलेलं, रविवर्मा छापखान्याचं लक्ष्मीचं चित्र आहे. साडी छान गुलाबी होती, असं आजी सांगायची. आता ती कळकट पांढरी दिसते, निळा रंग मात्र जिथल्या तिथे आहे. चित्राला पहिल्यापासून काच आहे, त्यामुळे उन्हाचा संबंध नाही. साफ केलं तर रंग परत येईल का? – एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : काच आहे म्हणून उन्हाचा संबंध नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. साधी काच धूळ अडवते, पाहुण्यांची बोटं अडवते. अतिनील किरणांचा बराच भाग तिच्यातून आत येतो आणि डोळ्यांना दिसणारा उजेड तर जवळजवळ सगळाच. रंग उडवायला तो दिसणारा उजेडही पुरतो.

एक करा. चित्र चौकटीतून काढा (फ्रेमवाल्याकडे न्या, पण समोर उभं राहून काढून घ्या) आणि चौकटीच्या खोबणीखाली दबलेली कडेची पट्टी बघा. साडीचा पदर किंवा एखादं पान कडेपर्यंत गेलं असेल, तर तिथे मूळ रंगाची बोटाएवढी रेघ सापडते. ती आणि शेजारचा भाग यांत जेवढा फरक, तेवढा रंग उजेडाने खाल्ला. कडेचा भागही तसाच पांढरट निघाला, तर मग ओल किंवा कागदातलं आम्ल यांच्याकडे बोट दाखवावं लागेल.

गुलाबीच का गेला? जुन्या चित्रांतले बरेचसे गुलाबी-किरमिजी रंग पांढऱ्या भुकटीवर डाय (कापड रंगवतात तसला रंग) बसवून केलेले असत. लाख, मंजिष्ठ, कोचिनील किडा ही त्यांची जुनी मुळं. एकोणिसाव्या शतकात कारखान्यातले डायही आले. या डायचे रेणू प्रकाश शोषतात आणि हळूहळू तुटतात. गेरू किंवा काजळ ढिम्म हलत नाही. त्यामुळे चित्र सगळं मिळून फिकं होत नाही, ते एकांगी होतं. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1888 मध्ये रंगवलेली आपली झोपायची खोली आज निळ्या भिंतींची म्हणून जगाला माहीत आहे. त्याच्या पत्रात मात्र भिंती फिकट जांभळ्या आहेत. जांभळ्यातला तांबडा उडाला, निळा उरला. तुमच्या लक्ष्मीचंही तेच.

आता परत आणायचं. साफसफाईने धूळ जाते, देवघरातल्या समईची काजळी जाते. तुटलेला रेणू जोडला जात नाही. वरून गुलाबी मारून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या, चित्रकार मार्क रॉथकोच्या मोठ्या चित्रांतला किरमिजी रंग जेवणघराच्या खिडक्यांतल्या उजेडाने असाच उडाला. 2014 मध्ये तिथल्या लोकांनी ब्रशला हातच लावला नाही. उडालेला रंग प्रोजेक्टरने, प्रकाशाच्या रूपात, चित्रांवर टाकला. बटण बंद केलं की चित्र पुन्हा फिकं. एवढ्या मोठ्या संस्थेचा उपाय हा. आपण निदान उरलेलं सांभाळावं.

चित्र खिडकीसमोर असेल तर तिथून काढून आतल्या भिंतीवर लावा. बाहेरची भिंत नको, पुण्यात जुलै-ऑगस्टात ती ओल धरते. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळेल. काच चित्राला टेकलेली असेल तर मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून घ्या. मागची जुनी लाकडी फळी काढून टाका, कागदावरचे तपकिरी डाग बहुधा तिचेच.

प्रश्न : तिकीट काढून एका संग्रहालयात गेलो. चित्रांच्या दालनात एवढा अंधार की चष्मा लावूनही धड दिसेना. वीज वाचवतात का? – एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड

उत्तर : वीज नाही, चित्रं वाचवतात. कागदावरच्या चित्रांना साधारण 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), तैलचित्रांना 200, असा जगभरचा प्रघात आहे. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. प्रकाशाचा मार साठत जातो, रात्री दिवे बंद केले म्हणून तो भरून येत नाही. हिशेब करा : 50 लक्सखाली रोज आठ तास, वर्षभर, म्हणजे 1 लाख 46 हजार लक्स-तास. तेवढंच उन्हात दीड तासात होतं. आत शिरल्यावर पाच मिनिटं बाकावर बसा, डोळे सरावतात. बाक नसेल तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे, लेखी द्या.

प्रश्न : जुन्या लघुचित्रातला लाल रंग फिका पडण्याऐवजी काळा पडत चालला आहे. बुरशी आहे का? कापलेल्या बटाट्याने पुसावं, असं कोणी सांगितलं. – एक वाचक, सातारा रस्ता

उत्तर : बटाटा भाजीत घाला. लाल हिंगुळाचा असावा. तो पाऱ्याचा आहे आणि प्रकाश व क्षार एकत्र आले की काळवंडतो. बुरशी भिंगाखाली तंतूंसारखी दिसते, हा काळेपणा सपाट असतो. पिवळा हरताळ या खनिजाचा असेल तर तो उलट पांढरा पडेल, आणि त्यात आर्सेनिक आहे, तेव्हा पापुद्रे सुटले असतील तर हात लावू नका. आम्लरहित कागदात, अंधारात, आडवं ठेवा आणि चित्रसंवर्धकाला दाखवा.