एकशिपी: तिसऱ्यांच्या पदार्थाचं नाव असं का?

तिसऱ्या म्हणजे खाण्याचे छोटे शिंपले आणि एकशिपी हा त्यांचा पदार्थ. प्रश्न असा आहे: खाणावळीच्या फळ्यावर कुठे ‘तिसऱ्यांचं एकशिपी’ दिसतं, तर कुठे ‘तिसऱ्यांची एकशिपी’. बरोबर काय? आणि याचा शिंपीशी किंवा शिंपल्याशी काही संबंध आहे का?

संबंध थेट आहे. शिंप, शिंपा, शिंपला, शिंपली, शिंपी ही एकाच घरातली रूपं. कोकणातल्या बोलण्यात अनुस्वार गळतो आणि शिंपीची ‘शिपी’ होते. ज्याला एकच शिपी राखली आहे ते एकशिपी. एकपात्री, एककल्ली यांसारखाच हा बहुव्रीही समास आहे. कपडे शिवणारा शिंपी मात्र वेगळा. त्याचं मूळ ‘शिल्पी’मध्ये आहे.

नाव पडलं ते चिरण्याच्या पद्धतीवरून. तिसरीला (मुंबई-रायगडकडे शिवली) दोन शिंपा असतात. मागच्या बाजूला त्या एका लवचीक बिजागरीने जोडलेल्या असतात आणि ही बिजागरी शिंपा सतत उघडायला बघते. त्या मिटून धरतात आतले दोन स्नायू. रिकाम्या शिंपेच्या आत दोन्ही टोकांना जे गुळगुळीत गोलसर डाग दिसतात, ते याच स्नायूंचे. म्हणूनच जिवंत तिसरी टिचकी मारली की मिटते, मेलेली आ वासून पडते. उघडी असून मिटत नसेल तर ती टाकूनच द्यावी.

विळीवर चिरताना पातं एका शिंपेच्या आतल्या अंगाला घासून न्यायचं, म्हणजे दोन्ही स्नायू त्या शिंपेपासून सुटतात आणि सगळा गर दुसरीत राहतो. रिकामी शिंप टाकायची. नुसती फाकवून उघडली तर गर फाटून दोन्हीकडे अर्धा-अर्धा चिकटतो, मग ते एकशिपी कसलं! हात बसला नसेल तर तिसऱ्या अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, तोंड सैल पडतं. विळीखाली परात हवीच. तिच्यात जमलेलं पाणी निवळू द्यायचं, तळाची वाळू तळाशी ठेवून वरचं कालवणात घालायचं. हे पाणी खारट असतं, त्यामुळे मीठ शेवटी चव बघूनच.

एक शिंप राखण्यात शहाणपण आहे. गर इवलासा, शिजला की आणखी आकसतो. शिंपेत असला की रश्शात हरवत नाही आणि वाटण त्या वाटीत भरून बसतं. मसाला आधी पूर्ण शिजवून तिसऱ्या मागाहून घालाव्यात. चार-पाच मिनिटं पुरतात, त्यापुढे गर रबरासारखा होतो.

आता लिंगाचं. ‘एकशिपी’ हे मुळात विशेषण, म्हणून ते मागे दडलेल्या नामाचं लिंग घेतं. मनात ‘कालवण’ असेल तर तिसऱ्यांचं एकशिपी, ‘आमटी’ असेल तर तिसऱ्यांची. दोन्ही बरोबर. मला पहिलं जवळचं वाटतं.

‘कालवण’ शब्दावरून आणखी एक गैरसमज होतो. कालवण आलं ते ‘कालवणे’ म्हणजे मिसळणे यावरून, भाताशी कालवायचं ते. ‘कालव’ (ऑयस्टर) या प्राण्याशी त्याचं नातं नाही. कालव नपुंसकलिंगी, अनेकवचन कालवं. ते डाव्या शिंपेने खडकाला घट्ट चिकटलेलं असतं. काढणारे वरची शिंप फोडून गर तेवढा काढून आणतात, म्हणून कालवं बाजारात बहुधा बिनशिंपेची मिळतात आणि त्यांचं एकशिपी होत नाही. कालवाची शिंप मिळाली तर आत पाहा: मोठ्या कालवाला स्नायू एकच, म्हणून डागही एकच.

शंख मात्र या कुटुंबातला नव्हे. तो अखंड, एकाच कवचाचा. समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रत्येक कवचाला सरसकट ‘शंख’ म्हणू नये. जीवशास्त्राच्या मराठीत तिसरी, कालव, मुळे (हाही शिंपल्यांचाच एक प्रकार) हे सगळे ‘द्विपुट’. पुट म्हणजे इथे शिंपच.