ऑलग्रिपला दोनच नवे टायर घालू का? आणि खान्देशात 'ऑल सीझन' म्हणजे कोणता?

भाऊ, दुकानदार सांगतोय म्हणून पुढचे दोनच टायर बदलू नका. तुमची ग्रँड विटारा साधी, नुसत्या पुढच्या चाकांवर चालणारी असती तर मी अडवलं नसतं. फक्त नवी जोडी मागे टाका एवढंच म्हटलं असतं, कारण पावसात मागची बाजू घसरली तर गाडी सावरणं अवघड जातं. पण तुमची ऑलग्रिप, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे आणि तिथे हिशेब बदलतो.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या डाव्या टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, दगडाच्या धारेनं कापली, बाकी तिघांची नक्षी निम्मी शिल्लक आहे, शेताचा रस्ता काळ्या मातीचा म्हणून ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचा मोठ्या खाचांचा टायर) घ्यावा असं वाटतंय आणि मेहुणे 'ऑल सीझनच घ्या' म्हणतात. एकेक घेतो. पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलतो, कारण चुकलं तर मोठा खर्च तिथेच आहे.

ऑटो मोडवर तुमची गाडी बहुतेक वेळ पुढच्या चाकांवरच चालते. पुढचं चाक घसरतंय असं दिसलं की मागच्या बाजूचं कपलिंग आवळतं आणि ताकद मागे जाते. त्या कपलिंगमध्ये क्लचसारख्या चकत्या असतात. चाक घसरलं हे गाडीला कसं कळतं? एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चारही चाकांचा वेग मोजतात, त्यावरून. वळणावर चाकांचे वेग थोडे वेगळे होतातच, ते गृहीत धरून यंत्रणा बनवलेली असते. अडचण होते ती सरळ रस्त्यावरही वेग सतत वेगळे राहिले तर.

आता आकडे बघा. तुमचा आकार २१५/६० आर१७. त्याचा घेर साधारण २,१६७ मिलिमीटर येतो. नव्या टायरची नक्षी ८ मिमी आणि तुमच्या जुन्याची ४ मिमी धरली तर घेरात २५ मिमीचा फरक पडतो. म्हणजे जुनं, लहान चाक दर किलोमीटरला पाचेक फेरे जास्त घेणार. जळगावहून धुळ्याला पोहोचेपर्यंत हा फरक पाचशेच्या आसपास जातो, आणि तो सगळा त्या चकत्यांनी सोसायचा. कधी त्या घासून तापतात, कधी गाडीला वाटतं चाक घसरतंय आणि ती विनाकारण ताकद मागे ढकलते. लॉक मोड, म्हणजे मागेही ताकद चालू ठेवणारा मोड, लावून कोरड्या डांबरावर पळवली तर ताण आणखी वाढतो. कपलिंगचं काम निघालं तर चार टायरांचे पैसे किरकोळ वाटतील.

एकच नवा घालून पुढच्या डाव्या-उजव्यात फरक ठेवला, तर तो भार पुढच्या डिफरन्शियलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरवर येतो. तोही मार्ग नको.

किती फरक चालतो? प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं आहे, म्हणून आधी तुमचं मॅन्युअल उघडा. अंदाज यावा म्हणून सांगतो: ऑल-व्हील ड्राइव्हसाठीच ओळखली जाणारी जपानची सुबारू घेरात पाव इंच, म्हणजे ६.४ मिमीपेक्षा जास्त फरक नको म्हणते. नक्षीत तो जेमतेम १ मिमी होतो. इतर काही कंपन्या थोडं सैल सोडतात, पण ४ मिमीला कोणी हो म्हणणार नाही.

म्हणून आधी मोजा. नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी स्वस्तात मिळते. तिन्ही चांगल्या टायरांवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी मापं घ्या. नजरेनं 'निम्मी' वाटणारी नक्षी पुष्कळदा ३ मिमीच निघते. खाचांच्या तळाशी जे उंचवटे असतात ते १.६ मिमीचे, नक्षी तिथपर्यंत उतरली की टायर बादच. पावसाळी रस्त्यासाठी मी ३ मिमीलाच टायर संपला असं धरतो.

तिन्हींवर ५ ते ६ मिमी निघाली तर चार नवे घेण्याआधी एक मधला मार्ग बघा. बरेच जण गाडी घेतल्याबरोबर रुंद टायर चढवतात आणि कंपनी फिट टायर दुकानात सोडून जातात. त्यातला त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तुमच्याएवढाच झिजलेला एक मिळाला तर काम भागतं. मात्र तो रिमवर चढवण्याआधी आतून हात फिरवून बघा; बगलेला पॅच असेल तर घेऊ नका. तुमच्या कापलेल्या टायरवरही बगलेचा पॅच मारून घेऊ नका, ट्यूब टाकून तर अजिबात नाही. अमेरिकेत नवा टायर तासून जुन्याच्या मापाला आणून देणारी दुकानं असतात. आपल्याकडे तशी सोय मला दिसलेली नाही. स्टेपनीचा आकार चारही टायरांचाच आहे का तेही वाचून घ्या. तोच असला आणि ती कोरी असली तरी तिची नक्षी पूर्ण आहे, म्हणजे फरक तोच राहतो. दुकान गाठण्यापुरतीच लावा.

मापं ४ मिमीच्या आत असतील तर विचार करू नका, चारही बदला. बरे असलेले तीन दुकानदार परत घेईल. त्याचा भाव आधी ठरवा, टायर उतरवल्यावर नाही.

आता मेहुण्यांचा 'ऑल सीझन'. परदेशात या शब्दाचा अर्थ हलक्या बर्फातही चालणारा टायर असा आहे. बगलेवर एम+एस लिहिलेलं असतं, ते कंपनी स्वतःच लिहिते. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल तर टायरची बर्फावर चाचणी झालेली असते. त्या टायरचं रबर थंडीत कडक होऊ नये असं बनवतात, नक्षीत बारीक चिरा जास्त ठेवतात. भुसावळच्या ४५ अंशांत असं मऊ रबर लवकर झिजतं आणि त्याच्या गुणाचा आपल्याला काही उपयोग नाही. आपल्या दुकानात 'ऑल सीझन' म्हणजे बहुधा बारमाही चालणारा साधा टायर, आणि तोच हवा. तेव्हा शब्दावर अडू नका, उन्हाळा आणि ओला रस्ता या दोन कसोट्यांवर निवडा.

उन्हाळ्यासाठी बगलेवरची अक्षरं वाचा. तुमच्या आकारात ९६एच असेल तर ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. तेवढ्या वेगानं कोण जातंय, असं दुकानदार म्हणेल. पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो याचंही माप आहे. धुळे-जळगाव महामार्गाच्या फागणे-तरसोड टप्प्यात चौपदरी रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी, पाच माणसं आणि डिकीत सामान असताना त्याची किंमत कळते. दोन्हींत खाली उतरू नका. टेम्परेचर ए, बी, सी असं लिहिलेलं असेल तर ए घ्या. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका.

इथे एक समजूत खोडतो, कारण आपल्याकडे ती घट्ट आहे: 'उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो.' हे उलटं आहे. हवा कमी असली की बगल जास्त वाकते आणि टायर तापतो तो त्या वाकण्यानं. सकाळी गाडी थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब दीड पौंडाच्या आसपास चढतो, ते धरूनच तो आकडा दिलेला असतो. दुपारी पंपावर ३७ दिसले म्हणून हवा सोडायची नाही.

ए/टीबद्दल माझं मत: तुम्हाला नको. काळ्या मातीचा गारा एकदा थापला की ए/टीच्या खाचाही पाच मिनिटांत भरतात, आणि मग चारही चाकं नुसतीच जागेवर फिरतात. त्या गाऱ्यातून जायला ट्रॅक्टरच लागतो. बदल्यात रोजच्या डांबरावर आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागतं आणि ओल्या रस्त्यावर थांबायला पुष्कळदा जास्त अंतर लागतं. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे काढते, थांबवत नाही. कन्नड घाटात पावसात उतरताना कामाला येतो तो टायर. धडगाव-तोरणमाळकडे दगडी वाटेनं नेहमी जाणं असतं तर मी ए/टी घ्याच म्हटलं असतं, तिथे जाड बगल खरंच उपयोगी पडते. तुमच्या शेताच्या रस्त्याला एच/टी म्हणजे रस्त्याच्या नक्षीचा, रुंद सरळ खाचांचा टायर पुरतो.

कंपनीवरून मी भांडणार नाही. अपोलो, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा, सिएट, एमआरएफ, कोणाचाही एसयूव्हीचा रोड टायर घ्या, फक्त चारही एकाच नक्षीचे हवेत. शांत आणि ओल्यात पकड हवी तर मी मिशेलिनकडे झुकेन, खडी-दगड जास्त असेल तर अपोलो किंवा एमआरएफकडे. २२५/६५ चढवायचा मोह मात्र टाळा. चाक ५ टक्क्यांनी मोठं होतं आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही १०५ वर असाल.

घेताना बगलेवरचे शेवटचे चार अंक बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. तालुक्याच्या दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल नवा म्हणून येतो. चारही टायर जवळपासच्या आठवड्यांतले मागा, आयएसआयची खूण बघा, व्हॉल्व्ह नवे टाकायला लावा. बगल कापली एवढा दणका बसला असेल तर त्या रिमला बाक आलाय का तेही बॅलन्सिंगच्या मशीनवर बघून घ्या, मग अलाइनमेंट. पुढे दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करत राहा, म्हणजे चारही सारखे झिजतील.

तिन्ही टायरांची मापं आणि दुकानदारानं सांगितलेला भाव इथे टाका. मधला मार्ग जमतो का ते मग बघू.