ग्रिओ म्हणजे भाट का? आणि कोरा ‘तो’ की ‘ती’?

प्रश्न असा आहे: पश्चिम आफ्रिकेतल्या माली आणि गांबियातल्या संगीतावरचा लेख मराठीत आणताना ‘ग्रिओ’ला, म्हणजे तिथल्या पिढीजात गायक-वंशावळकाराला, ‘भाट’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘कोरा’ या वाद्याचं लिंग कोणतं धरायचं?

आधी उच्चार. स्पेलिंगच्या शेवटी टी दिसतो म्हणून ‘ग्रिऑट’ लिहू नका. शब्द फ्रेंचांनी रूढ केला, तो टी मुका आहे. त्या लोकांचा स्वतःचा शब्द वेगळाच: बाम्बारा भाषेत ‘जेली’, मांडिंकात ‘जाली’. खरं तर तोच घ्यावा, पण मराठी वाचकाला ‘जेली’ म्हटलं की बशीत थरथरणारा लाल गोळा दिसतो. तेव्हा नाइलाजाने ग्रिओ.

आता भाट. कामं बरीच जुळतात. घराण्याची वंशावळ, पूर्वजांचे पराक्रम, यजमानाची स्तुती. १३व्या शतकातल्या सुंजाता राजाच्या पदरी बाला फासेके हा ग्रिओ होता, असं तिथली परंपरा सांगते. पण आजच्या मराठीत भाट म्हणजे पुढाऱ्यामागे फिरणारा खुशमस्कऱ्या. ग्रिओ भांडणं मिटवतो, सोयरिकीत मध्यस्थी करतो. ते वजन ‘भाट’मध्ये उरलेलं नाही. ‘शाहीर’ कानाला बरा वाटतो, पण शाहीर कुणीही होऊ शकतो, ग्रिओच्या घरी जन्मावंच लागतं. कामाने सर्वांत जवळचे म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडचे वंशावळ सांगणारे हेळवी. मला हा शब्द मनापासून आवडला असता, पण तो पुण्या-मुंबईत पुन्हा समजावून सांगावा लागेल.

जन्माचा मुद्दा सोडू नका, भाषांतरं तिथेच घसरतात. मालीचा प्रत्येक गायक ग्रिओ नसतो. सालिफ कैता सुंजाताच्या राजकुळातले. त्यांनी गाणं हेच घरच्यांना कमीपणाचं वाटलं. २००५ साली आलेल्या ‘इन द हार्ट ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेत दोघे वाजवतात: कोरा वाजवणारे तुमानी दियाबाते ग्रिओ, गिटार वाजवणारे अली फार्का तुरे नव्हेत. दोघांना ‘भाट’ म्हणून मोकळं होणं म्हणजे चूक दुप्पट. तुमानींनी हीच घरची विद्या स्पॅनिश फ्लामेन्कोवाल्यांबरोबरही वाजवली. २०२४ साली ते गेले.

गांबियाच्या सोना जोबार्ते तुमानींच्या नात्यातल्या. दियाबाते आणि जोबार्ते हे एकच आडनाव आहे, मालीत फ्रेंच वळणाने लिहिलं गेलं, गांबियात इंग्रजी वळणाने. वाद्य बापाकडून मुलाकडे आणि गाणं बायकांकडे, अशी जुनी वाटणी. सोना ती मोडून बास गिटार आणि ड्रम्सच्या साथीने कोरा वाजवतात, वर गातातही. त्यांच्यासाठी ‘ग्रिओ’च ठेवा, ‘ग्रिओबाई’ नको.

राहता राहिली कोरा. अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, लांब दांडी, २१ तारा. तारा पूर्वी कातड्याच्या असत, आता बहुधा मासेमारीचा नायलॉन दोरा. वादक ती स्वतःकडे तोंड करून धरतो आणि दोन्ही हातांच्या फक्त अंगठ्यांनी व तर्जन्यांनी छेडतो. पुल्लिंग धरलंत तर ‘कोऱ्यावर बोटं फिरली’ असं होईल, आणि वाचक कागद शोधेल. वीणा, सतार यांच्या पंगतीत बसवून ‘ती कोरा’ म्हणा. मात्र ‘वीणेचे’सारखं ‘कोरेचे’ करू नका, ते आडनावासारखं ऐकू येतं. ‘कोराचे सूर’, ‘कोरावर’.