साइटवर नवीन आहेस ना, मग धुळीचं आधी बघ

भावा, दिसणारी धूळ बरीचशी नाकातच अडकते, खरा घोळ न दिसणाऱ्या बारीक सिलिकाच्या धुळीचा (सिलिका म्हणजे वाळू, दगड, काँक्रीटमधलं खनिज), ती थेट फुफ्फुसात जाऊन बसते आणि एकदा सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) झाला की बरा होत नाही. काँक्रीट, टाइल्स कोरडं कापू नकोस, पाण्याची सोय असलेलं कटर माग, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतलंस तर शॉक बसेल. रुमाल बांधून काही होत नाही (सगळे तेच करतात म्हणा), एन९५ मास्क घे, नाकावरची पट्टी नीट दाब, दाढी असली तर कडेने हवा शिरतेच. झाडायच्या आधी पाणी शिंपड. कपडे कॉम्प्रेसरने उडवायचे तर अजिबात नाही. आणि खोकला लांबला तर डॉक्टरला काय काम करतोस ते सांग, नाहीतर नुसतं सिरप देऊन पाठवतील.