कंपनीने घरी बसवलं, पण रजेच्या अर्जावर सही तुमची

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात मी ऑपरेटर आहे. बायकोला फुप्फुसाचा टीबी निघाला. हे कळताच एचआरने केबिनमध्ये बोलावून १५ दिवसांच्या बिनपगारी रजेच्या अर्जावर माझी सही घेतली. १६व्या दिवशी कामावर गेलो तर सिक्युरिटीने गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज आला, 'मिसेसचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय येऊ नका.' पाच आठवडे झाले, पगार नाही. आता विनापरवाना गैरहजेरीबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आहे. उत्तर अजून दिलेलं नाही. मला स्वतःला काहीही झालेलं नाही. काय करू?

उत्तर: मुलाला गोवर, आईला कांजिण्या, भावाला टीबी, आणि घरी बसवलेला धडधाकट कामगार. अशी पत्रं वरचेवर येतात आणि सगळ्यांना एकच विचारायचं असतं, 'कंपनीला असं करता येतं का?' तुमचा निकाल त्या प्रश्नावर लागणार नाही. तो लागेल तुम्ही सही केलेल्या कागदावर.

त्या अर्जाची प्रत पाठवली आहे, त्यातली ओळ अशी: 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वेच्छेने रजा घेत आहे.' या एका ओळीने 'मला येऊ दिलं नाही' याचं 'मी आलो नाही' झालं. सही करण्यापूर्वी त्याच कागदावर 'एचआरच्या सूचनेवरून' एवढे दोन शब्द लिहिले असते तर आज मी इतकं लांबलचक उत्तर लिहीत बसलो नसतो. नोकरीची भीती मला कळते, पण न वाचता सही करण्याची सवय कामगारांना फार महागात पडते. त्या १५ दिवसांच्या पगारावर सध्या तरी पाणी सोडा. दबावाखाली सही केली हे सिद्ध करता येतं, पण केबिनमध्ये साक्षीदार नव्हता आणि तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं तारखांना हजर राहणं तुम्हाला परवडणारं नाही.

आता त्याच अर्जावरची शेवटची तारीख पाहा. रजा १५व्या दिवशी संपली. त्यापुढचा एकही कागद कंपनीकडे नाही, तुमच्याकडे मात्र तो मेसेज आहे. काम करायला तयार असलेल्या माणसाला मालकाने स्वतःहून, त्याची काही चूक नसताना, दूर ठेवलं, तर 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली जानकीरामन प्रकरणात सांगितलं. प्रकरण सरकारी नोकरीतल्या बढतीचं होतं, पण तो मुद्दा तुमच्याही उपयोगाचा आहे. १६व्या दिवसापासून तुमची बाजू भक्कम आहे.

म्हणून तो मेसेज डिलीट करू नका, फोन विकू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. १६व्या दिवशी गेटवर तुम्हाला परत जाताना पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा.

नोटिशीचं उत्तर मात्र आजच जायला हवं. दिलेली मुदत उलटली असली तरी द्या. बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांत) विनारजा सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी हे गैरवर्तन ठरतं. उत्तर गेलं नाही तर एकतर्फी चौकशी होते आणि मग पगाराऐवजी नोकरीसाठी भांडावं लागतं. उत्तर चार ओळींचं असू दे: अमुक तारखेला कामावर आलो होतो, गेटवर अडवलं, अमुक तारखेच्या मेसेजने येऊ नका असं कळवलं, मी काम करण्यास सक्षम आहे आणि होतो, कामावर घ्या आणि थकलेलं वेतन द्या. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

सोबत स्वतःचा दाखला जोडा. टीबी रुग्णाच्या घरच्यांची तपासणी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत होते. लक्षणं नाहीत, एक्स-रे स्वच्छ आहे, कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुम्हाला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या असतील तर त्या आजार होऊ नये म्हणून आहेत, हेही दाखल्यात येऊ द्या. नाहीतर एचआर त्या गोळ्यांवरूनच 'हा पेशंट आहे' म्हणेल. बायकोचे रिपोर्ट एचआरला देऊ नका. औषध लागू पडलं की संसर्गाचा धोका सहसा काही आठवड्यांतच बराच उतरतो (औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर डॉक्टर सांगतील तसं), पण तो तिचा प्रश्न आहे. तुमच्या हजेरीचा तिच्या रिपोर्टशी संबंध नाही.

ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) आजारपणाचं सर्टिफिकेट काढण्याचा सल्ला कोणी तरी दिला, असं पत्रात लिहिलं आहे. तो अजिबात ऐकू नका. पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो तो विमाधारकाच्या स्वतःच्या आजारपणासाठी. खोटं सर्टिफिकेट घेणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय 'मी सक्षम होतो' हा तुमचा एकमेव आधार त्याने जातो. बायकोचे उपचार मात्र ईएसआयमधून जरूर घ्या.

घरच्यांच्या आजारामुळे माणसाला घरी ठेवण्याचा अधिकार साथरोग कायद्याने सरकारला दिला आहे, एचआरला नाही. कोविडमध्ये सरकारी आदेश होते. कंपन्यांनी सवय तेवढी ठेवली. खाद्यपदार्थांच्या कारखान्यातसुद्धा कामावरून दूर ठेवण्याचा नियम आहे तो कामगार स्वतः आजारी किंवा रोगवाहक असेल तर. एचआयव्हीबाबत २०१७च्या कायद्याने रुग्णासोबत राहणाऱ्यालाही नोकरीत संरक्षण दिलं आहे. टीबीच्या घरच्यांसाठी तसं कलम नाही, आणि या देशातली टीबीची घरं पाहता ते नसणं मला अन्यायाचं वाटतं.

दाव्याबद्दल मी मोघमच बोलेन. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात थकीत वेतनाच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. आधीच्या कायद्यात १२ महिने होते. अनुचित कामगार प्रथेच्या तक्रारीला ९० दिवसच आहेत, आणि नव्या कामगार संहितांनंतर नेमका कोणता अर्ज कुठे टिकेल यावर वकिलांमध्येच मतभेद आहेत. तेव्हा कागद घेऊन पुण्यात कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला याच महिन्यात भेटा. चौकशीची तारीख लागली तर हजर राहा, आणि तिथे पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका.